नक्कल हवी, पण मुखवट्याचा बळी देऊन नको!

जुन्या मुखवट्याचे वैरी दोन. एक उंदीर आणि दुसरा त्याच्यावर प्रेम करणारा माणूस. उंदीर निदान आपली भूक लपवत नाही. प्रेम करणारा माणूस मात्र हातात प्लास्टरची बादली घेऊन येतो, "अहो, हा ठेवा टिकला पाहिजे!" असे म्हणतो आणि त्या ठेव्याचा गळा घोटतो. मला भांडायचे आहे ते या दुसऱ्या वैऱ्याशी.

आमचा सटाणा म्हणजे बागलाणचे मुख्य ठिकाण. येथून पश्चिमेला डोंगराकडे निघालात की जिल्ह्याच्या त्या साऱ्या पट्ट्यात होळीनंतर सोंगांचे दिवस येतात. कोठे त्याला बोहाडा म्हणतात, कोठे भवाडा. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देव, दैत्य आणि पशू रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. हे मुखवटे एका पिढीचे नाहीत. आजोबांनी नाचवलेला रावण नातू नाचवतो. दर वर्षी त्यावर घाम झिरपतो, दर वर्षी कोणीतरी त्याला बाजारातला तेलरंग फासतो आणि दर वर्षी तो थोडा थोडा मरतो. म्हणून त्याची नक्कल करायलाच हवी, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो ती कशी करायची याबद्दल.

अलीकडे एक नवी जमात निघाली आहे. कोणाला मालिकेसाठी दैत्य हवा असतो, कोणाला चित्रपटासाठी, तर कोणाला हॉटेलच्या भिंतीसाठी. "एका दिवसासाठी मुखवटा द्या, साचा काढून परत आणून देतो," असे गोड बोलून ही मंडळी गावात येतात. एका दिवसात काय होते, ते आता ऐका.

कागदाचा मुखवटा म्हणजे लगदा, खळ आणि वर रंगाचे थर. प्लास्टर ऑफ पॅरिस कालवायचे ते पाण्यात, आणि पाणी हा खळीचा शत्रू! शिवाय प्लास्टर घट्ट होताना तापते. म्हणजे जुन्या चेहऱ्याला आधी भिजवायचे आणि मग शेकायचे! प्लास्टर चिकटू नये म्हणून तेल किंवा व्हॅसलीन चोपडले, तर ते रंगाच्या भेगांतून आत मुरते आणि डाग कायमचा राहतो. नाकपुड्या, कानाची पाळी, बाहेर आलेले सुळे अशा खाचाखोचांत साचा अडकतो. तो ओढला की साच्याबरोबर नाकही येते. रबराचा साचा मऊ असतो खरा, पण जुन्या सुट्या रंगाचे पापुद्रे तोही उपटून नेतो. संध्याकाळी मुखवटा परत येतो तेव्हा तो मुखवटा राहिलेला नसतो. ते त्याचे कलेवर असते.

सिनेमातल्या मुखवट्यांचीही हीच कथा. 1978 सालच्या "हॅलोवीन" या अमेरिकन चित्रपटातला खुनी जो पांढरा मुखवटा घालतो, तो एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या कप्तानाचा, दुकानात मिळणारा स्वस्त रबरी मुखवटा होता. डोळ्यांची भोके मोठी केली, पांढरा रंग दिला, आणि साऱ्या जगाला घाम फुटला! पण असले रबर हवेने आणि उजेडाने आपोआप कडक होते, तडकते आणि चुरा होऊन गळू लागते. अशा वृद्ध चेहऱ्यावर साचा ओतणे म्हणजे आजारी म्हाताऱ्याला कुस्तीच्या आखाड्यात उतरवणे होय.

मग उपाय काय? उपाय साधा आहे. मुखवट्याला हात लावू नका, डोळा लावा! मऊ कापडाच्या उशीवर तो ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि सावलीतल्या सारख्या उजेडात चहूबाजूंनी 60-70 फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा आला पाहिजे. आतली बाजू विसरू नका, कारण मुखवट्याचे खरे वय आत लिहिलेले असते. असे फोटो एकत्र जुळवून संगणक त्या चेहऱ्याचा घनाकार उभा करतो. त्यासाठी आज खिशातला मोबाइलही पुरतो. संगणक नको असेल तर गावच्या मूर्तिकाराला समोर बसवा. तो मापे घेऊन शाडूत तसाच चेहरा घडवील. साचा काढायचा तो या शाडूच्या चेहऱ्यावरून. मूळ मुखवट्यावरून कदापि नाही! गणपतीचे मूर्तिकार काय वेगळे करतात? ते साच्यासाठी नमुना घडवतात, कोणाच्या देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून आणीत नाहीत.

आता आक्षेप येतील. पहिला आक्षेप श्रद्धाळूंचा: "मुखवटा देवाचा. त्याची नक्कल नाचवली तर देव कोपेल." मी विचारतो, पालखीत कोण बसते? उत्सवमूर्तीच ना? मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि उत्सवमूर्ती गावभर मिरवते. त्याने देव कोपल्याचे मी तरी ऐकले नाही. मग मूळ मुखवट्याने गाभाऱ्यात विसावा घेतला आणि त्याच्या जुळ्या भावाने रात्र जागवली, तर बिघडले कोठे? आणि दर वर्षी नवा रंग चढवणे हीच भक्ती असे मानणाऱ्यांनी शेजारच्या कळवण तालुक्यातल्या सप्तशृंगगडाकडे पाहावे. 2022 साली आदिमायेच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढले, तेव्हा देवीचे मूळ रूप प्रकटले. भक्तीने चढवलेले थरही कधीकधी चेहरा झाकतात!

दुसरा आक्षेप रसिकांचा: "नक्कल ती नक्कल. तिच्यात जीव नाही." अहो, दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकचे. त्यांचा "राजा हरिश्चंद्र" 1913 साली पडद्यावर आला. आज तो पूर्ण पाहायला मिळत नाही, आणि जेवढा पाहतो तेवढा प्रतींवरूनच पाहतो. 1964 साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी नियमच हा की, मूळ फिल्म थंडाव्यात जपायची आणि लोकांना प्रत दाखवायची. कारण मूळ फिल्म यंत्रावर चढली की प्रत्येक खेळागणिक झिजते. फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या वेळेवर प्रती निघाल्या नाहीत. ते गेले, कायमचे गेले! नकलेला हिणवणाऱ्याने आधी त्या गेलेल्यांचा हिशेब द्यावा.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक घातक: "नक्कल झाली ना? मग जुने कशाला जपायचे? विकून टाका." याला माझे उत्तर एवढेच, की मुलाचा फोटो काढला म्हणून कोणी मुलाला बाजारात नेत नाही. नक्कल ही मूळ मुखवट्याची चाकर आहे, वारस नव्हे. म्हणून तिच्या आतल्या बाजूस ती केल्याचे साल आणि करणाऱ्याचे नाव ठळक लिहा. नाहीतर उद्या तीच "दोनशे वर्षांची" म्हणून मुंबईच्या दिवाणखान्यात लटकेल. मुखवटा बाहेरगावी मागणाऱ्याला गावाने एकच उत्तर द्यावे: "मुखवटा कोठेही जाणार नाही. तुम्ही या, बसा, फोटो काढा, आणि जी नक्कल कराल तिची एक प्रत गावाला द्या." ज्याला हे मान्य नाही, त्याला चेहरा हवा आहे, पण चेहऱ्याचे गाव नको आहे.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून जुनी बोचकी तुम्ही खाली काढलीच असतील. त्यात एखादा कान तुटलेला गणपती, रंग उडालेला वेताळ किंवा वाघाचा जबडा सापडला असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका आणि चकचकीत रंगवूही नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून तो उंच, कोरड्या जागी ठेवा. दिवाळीपासून होळीपर्यंत चार महिने हातात आहेत. तेवढ्यात एक शाडूचा चेहरा सहज घडतो, वाळतो, त्यावरून साचा निघतो आणि नवा मुखवटा नाचायला तयार होतो. पुढच्या बोहाड्यात नवा रावण नाचू द्या. जुन्याने इतकी वर्षे नाचून विश्रांतीचा हक्क मिळवला आहे, आणि तो त्याला नाकारण्याचा अधिकार कोणाही प्लास्टरवाल्याला नाही!