मडक्यातले बी आणि बदललेला पाऊस



मागच्या बैठकीत एका साध्या प्रश्नावर भरला मांडव गप्प झाला. घरच्या सरकीची कपाशी यंदा कोणी लावली? एकही हात वर आला नाही. ज्वारीचे विचारले तेव्हा चार हात वर आले, तेही मागे बसलेल्या बायकांचे. बी कशासाठी राखले, असे विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, "भाकर गोड लागते म्हणून." पुढच्या रांगेतली माणसे हसली. त्या मावशींनी काय राखले आहे, याचा हिशेब मांडायला हा लेख आहे.

पावसाचे गणित मोडले, हे तुम्हांला सांगायला मी नको. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा 36 टक्के पाऊस कमी. आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उभी पिके मातीसकट वाहून गेली. मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले. म्हणजे एकाच हंगामात खंडही पडणार आणि ढगही फुटणार. कोणत्या साली आधी काय होईल, हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही.

आता ज्वारीकडे या. आपल्या आज्यांची खरिपाची उंच ज्वारी दिवस मोजत नसे, दिवसमान बघत असे. मृगात पेरा की आर्द्रात पेरा, दिवस पुरेसा लहान झाला की ती निसवायची. कणसात दाणा भरायचा तो पाऊस उघडल्यावर, थंडीच्या तोंडाशी. 1964 साली सी.एस.एच. 1 हा पहिला संकरित वाण आला. बुटका, शंभरेक दिवसांत येणारा, उताऱ्याला भारी. पण हा गडी दिवस मोजतो. जूनच्या शेवटी पेरला की सप्टेंबरात दाणा चिकात येतो, आणि नेमका त्याच वेळी पाऊस झोडपतो. दाणा बुरशी धरून काळा पडतो. ती काळी ज्वारी कोंबडीच्या खाद्यात आणि दारूच्या भट्टीत गेली, आणि आपण वैतागून सोयाबीनकडे वळलो. कडबा गेला, तसा दावणीचा बैलही गेला.

म्हणून जुनेच सोने, असे मी म्हणणार नाही. ज्या साली पाऊस सप्टेंबरच्या आरंभीच पाठ फिरवतो, त्या साली लवकर येणारा वाण तरतो आणि उंच ज्वारी पोटरीतच अडकते. मुद्दा हाच आहे. ओल्या सालाला एक वाण, कोरड्या सालाला दुसरा, आणि दोन्ही आपल्या घरात हवेत. कर्ज काढून एकाच घोड्यावर पैसा लावायची चैन कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही.

कपाशीत तर आपण तो एकच घोडा निवडला. देश स्वतंत्र झाला तेव्हा इथली जवळजवळ सगळी कपाशी देशी होती. 1970 साली एच-4 हा संकर आला, 2002 साली बी.टी.ला परवानगी मिळाली. मी शेतकीची पदवी घेऊन बाहेर पडलो तो याच लाटेत. एका बियाणे कंपनीच्या पगारावर गावोगाव प्रात्यक्षिके घेतली, गावरान पऱ्हाटीला भर सभेत जुनाट म्हटले, आणि लोकांनी माझे ऐकले. बी.टी.ने हिरव्या बोंडअळीचा मार थांबवला, हे खरे आहे, ते नाकारणार नाही. पण सगळ्या शिवारात एकच कुलूप लागले होते. गुलाबी अळीला त्याची किल्ली सापडली आणि 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. पाकीट मात्र दर साली विकतच घ्यावे लागते. 2025 च्या हंगामात 475 ग्रॅमच्या पाकिटाची ठरवून दिलेली किंमत 901 रुपये होती. पेरल्यावर पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे दुबार पाकीट. बदललेल्या पावसाचा भुर्दंड असा सरळ आपल्या खिशातून जातो.

देशी कपाशीची मुळी खोल जाते, ती पाण्याचा ताण अधिक सोसते. तुडतुडे-माव्यालाही अमेरिकन कपाशीइतकी लवकर हार जात नाही. गुलाबी अळी तिलाही लागते. लागत नाही असे सांगणारा खोटे बोलतो. फरदड न घेता डिसेंबरअखेर रान मोकळे केले, तरच त्या अळीचा फेरा तुटतो. दोषही सांगतो. बोंड बारीक, त्यामुळे वेचाई महाग. फुटलेला कापूस बोंडात टिकत नाही, गळून मातीत पडतो. धागा आखूड म्हणून व्यापारी भाव पाडतो. आपल्या माणसांनी ती सोडली ती काही मूर्ख म्हणून नव्हे. पण परभणीच्या विद्यापीठाने पी.ए. 255, पी.ए. 402 असे लांब धाग्याचे देशी वाण दिले, अकोल्याने ए.के.ए. 7 दिला. हे सरळ वाण आहेत, संकर नाहीत. यांची सरकी पुढच्या साली पेरता येते.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेजारच्या बांधाला बी.टी. असली, तरी देशी कपाशीचे बी सहसा बाटत नाही. दोघींची जात मुळातच निराळी, त्यांचे आपसांत जुळत नाही. म्हणजे चहूकडे बी.टी. असतानाही गावात अर्ध्या एकरावर देशी बी शुद्ध राखता येते. अडचण येते ती जिनिंगमध्ये, तिथे सगळी सरकी एक होते. बियाण्याचा कापूस वेगळा वेचून गावातच रेच्यावर किंवा हाताने सरकी काढावी लागेल. ज्वारीचे तसे नाही, ती थोडीफार बाटते. तिचे बी दुसऱ्या ज्वारीपासून लांब, रानाच्या मधोमध धरावे, आणि कणसे खळ्यावर नव्हे, उभ्या पिकात निवडावीत.

सरकार म्हणते, वाण जपले आहेत. खरे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत ते उणे 18 अंशांत ठेवले आहेत, आणि ते काम हवेच. पण त्या शीतपेटीतल्या बियाने 2023 चा ऑगस्ट पाहिलेला नाही. जे बी दर साली आपल्या रानात पेरले जाते, त्यातली कोरड्या आणि ओल्या सालातून वाचलेली झाडेच पुढचे बी देतात. ही निवड दिल्लीत होत नाही.

हे गावाला जमते का? नांदेड-लातूरच्या पलीकडे, तेलंगणात झहीराबादजवळ, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांच्या संघांनी ते करून दाखवले. रान आपल्यासारखेच, कोरडवाहू. ज्वारी, बाजरी, राळा, तूर यांची बियाणी त्या राख आणि कडुनिंबाचा पाला घालून टोपल्यांत ठेवतात. गरजू घराला बी उसने मिळते, सुगीला ते वाढवून परत द्यायचे. पैशाचा व्यवहार नाही. दर हिवाळ्यात बैलगाड्यांतून बियाण्यांची जत्रा गावोगाव फिरते. 2019 साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पाकीट फोडले.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यातल्या कलम 39 प्रमाणे शेतकऱ्याला आपले बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त नोंदणी झालेल्या वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सक्तीची केली. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा घाईघाईत नोंदवह्या भरल्या गेल्या. तुमच्या गावची वही कोणी पाहिली आहे का? तीत तुमच्या आईच्या ज्वारीचे नाव आहे का? नसेल तर ग्रामसभेत मागा आणि लिहून घ्या.

या जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवत आहोत. येत्या खरिपात प्रत्येक गावाने गावरान ज्वारीला एक एकर आणि देशी कपाशीला अर्धा एकर द्यावा. त्या रानात नुकसान झाले तर ते एकट्याच्या माथी नको, गावाने वाटून घ्यावे. बी उसने द्यायचे, दीडपट परत घ्यायचे. देशी कपाशीला धाग्याप्रमाणे भाव आणि वेगळे जिनिंग मिळावे, ही मागणी सरकारकडे रेटायची ती वेगळी. ठरावावर भांडण होणार, आणि झालेच पाहिजे. अर्धा एकर म्हणजे एखाद्या घराचा वर्षाचा किराणा, हे मी विसरलेलो नाही.

येताना घरात जे काही जुने बी असेल ते मूठभर आणा. वाणाचे नाव, रान हलके की भारी, आणि 2023 व 2025 साली त्याचे काय झाले, हे चिठ्ठीवर लिहून सोबत बांधा. आणि माणसांनो, घरच्या बाईला विचारल्याशिवाय मडक्यात हात घालू नका. तिलाच बैठकीला घेऊन या.