पीक गेलं म्हणतात, माणूस गेला म्हणत नाहीत

नाव काढायला मुंबईला गेलेला पोरगा नाव न काढता परतला, की आमच्याकडं त्याचं असलेलं नावही जातं. तो नुसता ‘हिरो’ होतो. हा शब्द चेष्टेचा नाही, निकालाचा आहे. आणि तो निकाल मला मान्य नाही.

आमचा करमाळा तालुका. जेऊरच्या नागराज मंजुळ्यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. अकलूजची शाळकरी पोरगी अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. आपल्यालाही जमेल, असं पोरांना वाटलं. वाटणारच! कितीकांनी जेऊर स्टेशनावर गाडी धरली. मीही धरली. पाच वर्षं अंधेरीत ऑडिशनच्या रांगा लावल्या, गोरेगावच्या चित्रनगरीत गर्दीतला एक म्हणून उभा राहिलो आणि घरी आलो. याला गाव म्हणतं, ‘फसला.’

आता मला सांगा, उजनीच्या काठाला कुणाची केळी वादळानं आडवी झाली, तर आपण काय म्हणतो? ‘पीक गेलं.’ माणूस गेला म्हणत नाही. कांद्याचा भाव पडला म्हणून कांदा लावणाऱ्याला कुणी येडा ठरवत नाही. कष्ट आपले, फळ आपल्या हातात नाही, हे शेतकऱ्याइतकं कुणाला कळतं? मग तोच शेतकरी पारावर बसला की हे कसं विसरतो?

बरं, फसलेल्याची कला मात्र चालते. शाळेचं गॅदरिंग बसवायला, जत्रेत माईक धरायला हिरोच लागतो. ‘तुला काय, येतंयच की!’ मंडपवाल्याला पैसे, डीजेवाल्याला पैसे, हिरोला नारळ अन् टॉवेल-टोपी.

शहरातले दोस्त वेगळंच बोलतात, ‘सुटलास बाबा, गावात निवांत!’ रात्रीची लाइट आल्यावर बॅटरी घेऊन मोटार चालू करायला या, मग निवांतपणाचं बोलू.

या चेष्टेची किंमत आयाबाया भरतात. एकेका खोलीत आठ-आठ जण राहणारी आमची पोरं अजून तिकडं आहेत. हाताला काम नाही, तरी दिवाळीला येत नाहीत. आईला फोनवर ‘शूटिंग हाय’ सांगतात. त्यांना मुंबई धरून ठेवत नाही. आपला पार त्यांना येऊ देत नाही.

तेव्हा परतलेल्याला ‘लागलं का काय?’ विचारायच्या आधी ‘जेवलास का?’ विचारा. त्याला त्याच्या नावानं हाक मारा. आणि गॅदरिंग बसवून घेतलं, तर मंडपवाल्यासारखे त्याच्याही हातावर पैसे ठेवा.