घरच्या दवाखान्याचा केर

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतून केर नेणाऱ्या बाई दोन दिवस दिसल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं आल्या त्या तळहातास पट्टी बांधून. केर निवडतांना सुई टोंचली, असें त्यांनीं सहज सांगितलें. आळींत इन्शुलिन घेणारीं घरें चार. त्यांपैकीं एक आमचें. आमच्याही सुया दुधाच्या रिकाम्या पिशवींतून जात. आम्ही निरुत्तर झालों.

रुग्णालयांच्या केरासाठीं भारत सरकारनें १९९८ सालीं नियम केले व २०१६ सालीं ते नव्यानें घडविले. रक्तानें माखलेला कापूस, शस्त्रक्रियेंत काढलेले अवयव व मुदत संपलेलीं औषधें पिवळ्या पिशवींत. नळ्या, हातमोजे व बिनसुईच्या पिचकाऱ्या तांबड्या पिशवींत. कांच निळ्या खुणेच्या पेटींत. सुया व पातीं न भोंसकणाऱ्या पांढऱ्या डब्यांत. हे रंग हौसेखातर नाहींत. क्लोरिनयुक्त प्लास्टिक जाळल्यास डायॉक्सिनसारखीं विषें हवेंत जातात. म्हणून नळ्या जाळावयाच्या नाहींत, वाफेनें निर्जंतुक करावयाच्या.

परंतु आज अर्धें रुग्णालय घरींच असतें. आजोबांच्या सुया, आजींची लघवीची नळी, काकूंच्या जखमेची पट्टी, हें सारें भाजीच्या देठांसमवेत एकाच डब्यांत जातें. हिपॅटायटिस-बी या काविळीचा विषाणु शरीराबाहेर सात दिवस जगूं शकतो. बाधित रक्ताची सुई लस न घेतलेल्यांना टोंचल्यास शंभरांत तिसांपर्यंत लोकांस लागण होऊं शकते. एड्सच्या विषाणूचें हेंच प्रमाण हजारांत सुमारें तीन. लोक भितात मात्र याच दुसऱ्यास! २००९ सालीं गुजरातेंत मोडासा येथें वापरलेल्या सुया-पिचकाऱ्या पुन्हां वापरल्या गेल्या आणि याच काविळीच्या सांथींत अनेकांचे प्राण गेले.

आमच्या घरीं आतां घट्ट झांकणाचा जाड प्लास्टिकचा डबा ठेविला आहे. (लोणच्याची कांचेची बरणी नको, ती फुटते.) तीनचतुर्थांश भरला कीं चिकटपट्टीनें बंद करून, वर ठळक अक्षरांनीं ‘सुया’ असें लिहून, तो घेण्यास तयार असलेल्या दवाखान्यांत पोंचवितों. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास केरसुणी फिरवूं नये, पारा पसरतो; खिडक्या उघडून तो पुठ्ठ्यानें गोळा करावा व बंद डबींत ठेवावा.

बाईंना त्याच दिवशीं आमच्या डॉक्टरांकडे नेलें. सुई कोणत्या घरची, हें आम्हीं आळींत कोणास विचारलें नाहीं. लस टोंचण्यास आरंभ झाला आहे. रक्ताची दुसरी तपासणी अद्याप व्हावयाची आहे.