रोप कुणाचे, फळ कुणाचे?

आमच्या गासच्या वाड्यांतून केळी लावणाऱ्याला एक हिशेब पाठ असतो. घड उतरला की ते झाड संपले. बुंध्याशी उगवलेला कोंब राखला असेल, तरच वाडी पुढे चालते. मुंबईच्या क्रिकेटकडे पाहताना अलीकडे मला या कोंबाची आठवण होते.

विरारच्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. जानेवारी २०१८ च्या लिलावात दिल्लीने त्याला एक कोटी वीस लाखांना घेतले. विरारचाच आयुष म्हात्रे एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, चेन्नईकडून वानखेडेवर उतरला. वसई तालुक्याला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. प्रश्न एवढाच, की मुलगा पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या संघाचे काय होते?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलला हा प्रश्न आपल्या आधी पडला. तेथील व्यावसायिक लीगने, म्हणजे एनबीएने, २००५ च्या करारात असे ठरवले की खेळाडू एकोणीस वर्षांचा हवा आणि शाळा संपून वर्ष झालेले हवे. परिणामी, गुणी मुले कॉलेजात एका वर्षापुरती येऊ लागली. केंटकी विद्यापीठाने २०१२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी त्यांचे सहा खेळाडू एनबीएने उचलले. त्यांतले पहिले दोघे अवघे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. पुढच्या मोसमात केंटकीला मुख्य स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही आणि दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस या लहानशा विद्यापीठाने त्यांना पहिल्याच फेरीत हरवले.

पण गोष्ट इथे संपत नाही. केंटकी २०१४ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. नामांकित संघाकडे नवी मुले आपणहून येतात. त्याची रिकामी जागा भरते. लहान संघाची भरत नाही. दोघांचेही एक नुकसान मात्र समान असते: तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा तो दादा नाहीसा होतो, ज्याच्याकडे पाहून धाकटी मुले शिकतात.

आपल्याकडे हे दादापण टिकवण्याचे काम एके काळी नोकरीने केले. मी बँकेत होतो तेव्हा क्रीडा कोट्यातून आलेले सहकारी दुपारी सरावाला जात आणि आम्ही त्यांचे काउंटर सांभाळत असू. कुरकुर करत, पण सांभाळत असू. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. गावसकर, वेंगसरकर कसोटीवीर झाल्यावरही दादर युनियनचेच राहिले. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर सोळा वर्षांच्या पोराला कसोटीवीराच्या शेजारी उभे राहायला मिळे. १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्यामागे ही शिकवणीही होती.

म्हणून जुने तेच सोने, असे मी म्हणणार नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. खेळाडूचे आयुष्य लहान असते. चालून आलेली संधी सोड, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि संधी तरी कुठे कायमची असते? कसोटी पदार्पणात शतक ठोकणाऱ्या पृथ्वीला नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात कुणीच घेतले नाही. त्याला २०२५ च्या डिसेंबरात दिल्लीने पुन्हा घेतले, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या काळात परतायला घर लागते, आणि ते घर म्हणजे क्लब.

क्रिकेट मंडळाने २०२५ मध्ये नियम केला, की एकोणीस वर्षांखालील खेळाडूने आयपीएलपूर्वी निदान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला असावा. ठीक आहे, पण अशा अटीने मुलगा उंबऱ्यावर थोडा वेळ थांबतो, घर सावरत नाही.

बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो: ज्याचे भांडवल गुंतले, त्याला परतावा मिळाला पाहिजे. फुटबॉलने हे मान्य केले आहे. करार चालू असताना खेळाडू विकला गेला, तर रकमेचे पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. हाच दर एक कोटी वीस लाखांना लावला तर सहा लाख होतात. एखाद्या लहान क्लबाच्या मॅटिंगला, चेंडूंना आणि माळ्याच्या पगाराला त्याने केवढा आधार मिळेल! ही रक्कम मुलाच्या मानधनातून कापू नये. संघमालकाने वर मोजावी.

घड बाजारात जाणारच. त्यासाठीच तर वाडी केली. पण घडाच्या पैशातून बुंध्याला थोडे शेणखत पडले पाहिजे, एवढेच आम्हा वाडीवाल्यांचे म्हणणे आहे.