हुंकार आणि ‘ओके’

गेल्या वैशाखांत आम्ही श्रीवर्धनास आमच्या थोरल्या काकूंकडे पंधरा दिवस राहून आलों. घर समुद्रापासून हांकेच्या अंतरावर. मागें सुपारीची वाडी, पुढें ओटी, ओटीवर झोपाळा. काकूंचें वय ८६. सुटीसाठीं पुण्याहून त्यांची नातसून व ९ वर्षांचा पणतू आले होते. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे काकू झोपाळ्यावर बसत आणि पणत्यास गोष्ट सांगत.

गोष्ट भटांच्या पलायनाची. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनच्या देशमुखांच्या घराण्यांतले. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचानें त्यांस गांव सोडावा लागला, आणि पुढें १७१३ सालीं शाहूमहाराजांनीं त्यांस पेशवेपद दिलें, एवढें शाळेच्या पुस्तकांतहि असतें. काकूंची गोष्ट मात्र पुस्तकांतली नव्हे. ती त्यांनीं आपल्या सासूबाईंकडून ऐकलेली. तींत काळोखी रात्र आहे, भरतीची वाट पाहणारी होडी आहे, आणि पलीकडे वेळासास भानूंच्या ओसरीवर तेवणारा दिवा आहे. सासूबाईंनीं ती दुसऱ्या कोणास सांगितली होती कीं नाहीं, तें सांगावयास आतां कोणी उरलें नाहीं.

तिसऱ्या रात्रीं होडी बाणकोटच्या खाडींत शिरली. काकू एक वाक्य बोलत, पणतू म्हणे, ‘ओके.’ दुसरें वाक्य, ‘ओके.’ पांचसात ‘ओके’ झाल्यावर काकूंनीं झोपाळा पायानें थांबविला. “तुझं ओके झालं ना? मग नीज आतां,” म्हणून त्या उठून आंत गेल्या. चौथ्या रात्रीं गोष्ट नाहीं. पांचव्या रात्रींहि नाहीं.

मुलगा हिरमुसला. आमच्याजवळ येऊन म्हणाला, “मी ऍक्च्युअली नीट ऐकत होतों. पणजी बेसिकली रागावली आहे.” आम्हांस हंसूं आलें, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतें.

काकूंना विचारलें तेव्हां त्यांचें म्हणणें असें: “सामान पोहोंचलं म्हणून सांगितलं कीं वाण्याचा मुलगा ओके म्हणतो आणि फोन ठेवतो. बँकेंतला सही पाहून ओके म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. ओके म्हटलं कीं बोलणं संपलं. आतां याला माझी गोष्ट संपवायचीच आहे, तर मी मेलं सांगूं कशाला?”

इंग्रजी न शिकलेल्या काकूंनीं या शब्दाचा मूळ अर्थ बरोबर ओळखला होता. ‘ओके’ छापून आल्याचा प्रसिद्ध असा पहिला दाखला बोस्टनच्या एका वृत्तपत्रांत १८३९ सालीं सांपडतो. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांचीं आद्याक्षरें घ्यावयाचीं, अशी ती त्या वेळची थट्टा होती. म्हणजे हा शब्द जन्मला तोच शेरा म्हणून: पाहिलें, बरोबर आहे, पुढें चला. आमच्या घरांत तो आतां हुंकाराच्या जागीं येऊन बसला आहे, आणि हुंकाराचें काम तर अगदीं उलट. गोष्ट ऐकणाऱ्यानें ‘हं’ म्हणत राहावें, नाहींतर सांगणारा थांबेल, हा आपल्या ओटीवरचा जुना नियम. ‘हं’ म्हणजे मी जागा आहें, तूं बोल. १९७० सालीं व्हिक्टर इंग्वे नांवाच्या अमेरिकन पंडितानें ऐकणाऱ्याच्या अशा उद्गारांस शास्त्रांत एक स्वतंत्र नांव दिलें; आमच्या आज्यांस तें नांव ठाऊक नव्हतें, पण त्यांचें त्यावांचून अडलेंहि नाहीं.

आतां येथें काकूंचाच पक्ष घेऊन इंग्रजीवर कोरडे ओढणें सोपें आहे. पण त्याच सुटींत दुसरीहि एक गंमत घडली. काकूंच्या तोंडीं ‘मेलं’ हा शब्द दर तिसऱ्या वाक्यांत. “लक्षांतच राहत नाहीं मेलं,” त्या म्हणाल्या, तेव्हां पणत्यानें गंभीरपणें विचारलें, “पणजी, कोण मेलं?” व्याकरणकारांनीं ‘बरं का’, ‘जळलं मेलं’ यांस पादपूरणार्थक म्हणून वेगळें बसविलें आहे. हा विचारहि फार जुना. वेदांतले ‘कम्’, ‘ईम्’, ‘इत्’, ‘उ’ असे निपात पद्यांत केवळ चरण भरण्यासाठीं येतात आणि गद्यांत वाक्य भरण्यासाठीं, असें यास्कानें निरुक्तांत नोंदून ठेवलें आहे. तेव्हां ‘ऍक्च्युअली’नें पोकळ जागा भरणारा पणतू आणि ‘मेल्या’नें भरणारी पणजी एकाच पंक्तीला बसतात.

ही पोकळ जागाहि अगदींच निरुपयोगी नाहीं. हर्बर्ट क्लार्क व जीन फॉक्स ट्री या दोघांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, इंग्रजी बोलणारा अडखळला आणि थांबा थोडा असला तर त्याच्या तोंडून ‘अह’ येतें. थांबा लांबणार असला तर ‘अम्’. ऐकणारास त्यावरून किती थांबावयाचें तें नकळत समजतें. काकूहि पुढचा प्रसंग आठवेपर्यंत ‘तर काय बरं का’ लांबवीत असतात, आणि तेव्हां मध्यें बोलूं नये हें घरांत सर्वांस माहीत आहे.

भाषा शुद्ध करणारांचें लक्ष मात्र नेहमीं नामांकडे गेलें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशानें दरबारी फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. सावरकरांनीं दिनांक, महापौर असे शब्द रूढ केले. पण ‘फक्त’, ‘जरा’, ‘बस्स’ हे फारशींतून आलेले चिमुकले शब्द जिभेवर तसेच राहिले, आणि आज ते परके आहेत असें काकूंना सांगितलें तर त्या आम्हांस वेड्यांत काढतील. ‘ऍक्च्युअली’चें आणखी शंभर वर्षांनीं असेंच होईल काय? होईलहि. त्याबद्दल आम्हांस फारशी हळहळ वाटत नाहीं. मूळ इंग्रजींत ‘प्रत्यक्षांत’ असा भारदस्त अर्थ असलेला हा शब्द आमच्या मुलांच्या तोंडीं नुसता घसा साफ करण्यापुरता उरला आहे, इतकेंच. खटकतें तें दुसरें: पणत्यानें ‘ओके’ म्हणून दिलेला होकार पणजीच्या कानीं नकार होऊन पोंचला, आणि दोघांपैकीं एकासहि दुसऱ्याची चूक ठाऊक नव्हती.

आम्हीं मध्यस्थी केली. सहाव्या रात्रीं मुलगा झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. “पणजी, मी हं म्हणेन,” म्हणाला. काकूंनीं आढेवेढे घेतले, मग सुरुवात केली. पण खाडीपासून नव्हे, पुन्हां पहिल्यापासून. त्याच्या तोंडून मधूनच ‘ओ—’ निघे आणि अर्ध्यावर गिळला जाई. काकू तेवढ्यापुरत्या थांबत, ‘हं’ आला कीं पुढें जात. दुसरे दिवशीं सकाळच्या एस.टी.नें तीं मायलेकरें पुण्यास गेलीं.

आतां दर रविवारीं रात्रीं फोनवर गोष्ट चालते. फोनवर चेहरा दिसत नाहीं, तेव्हां ‘हं’ ऐकूं आला नाहीं कीं काकू दोनतीनदां “आहेस ना रे?” विचारतात. लाइन मध्येंच तुटते. काकूंचा श्वासहि हल्लीं लवकर भरून येतो. परवांच्या रविवारपर्यंत होडी खाडीच्या मध्यावर पोंचली आहे.