फेकून दे म्हणणाऱ्यांशी भांडण

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी. ते वाक्य असं: "दुरुस्त कसला करतोस, फेकून दे आणि नवा घे!" गेल्या दोन हिवाळ्यांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. इथल्या मित्रांकडून ऐकलं, पुण्याहून फोन करणाऱ्या मावसभावाकडून ऐकलं, आणि एकदा तर एका दुकानात, सुटे भाग विकायला उभ्या असलेल्या माणसाच्याच तोंडून ऐकलं. आता बोला!

विषय आहे गॅरेजमधल्या रॉकेलच्या हीटरचा. भारतातल्या नातेवाईकांनी हा प्रकार पाहिलेला नसणार, म्हणून आधी ओळख करून देतो. मिनेसोटात जानेवारीत पारा उणे वीस-पंचवीस सेल्सियसपर्यंत सहज उतरतो. घर आतून गरम असतं, पण गॅरेज, गोठा, बांधकामाची जागा अशा ठिकाणी काम करायचं तर बोटं वळत नाहीत. तिथे हा हीटर लागतो. आडव्या तोफेसारखं पत्र्याचं नळकांडं, त्याखाली रॉकेलची टाकी, मागे पंखा. विजेची वायर जोडायची, बटण दाबायचं, की समोरून गरम हवेचा झोत येतो. आकारामुळे इथे त्याला टॉर्पेडो हीटर म्हणतात.

आपल्या पंपाच्या स्टोचा हा लांबचा भाऊच. फरक एवढाच की स्टोत रॉकेलची आधी उष्णतेने वाफ करावी लागायची, म्हणून तो काकडा लावायचा खटाटोप. इथे वाफ नाही, फवारा असतो. एकच मोटर पंखाही फिरवते आणि हवेचा छोटा पंपही चालवते. पंपाची हवा नॉझलमधून जाताना टाकीतलं रॉकेल वर ओढून घेते आणि त्याचं बारीक धुकं करते. त्या धुक्यासमोर स्पार्क प्लग असतो. ठिणगी पडली की धुकं पेटतं. शिवाय प्रकाश ओळखणारा एक सेल ज्योतीवर डोळा ठेवून असतो. ज्योत दिसली नाही तर तो काही सेकंदांत सगळं बंद पाडतो. झालं! एवढंच यंत्र आहे. चार गोष्टी समजल्या की पुरे.

आता बिघाड. बटण दाबलं, मोटर सुरू झाली, पंखा फिरला, तोंडातून पांढुरकं धुकं आणि रॉकेलचा वास आला, पण जाळ काही नाही. काही सेकंदांनी हीटर आपोआप बंद. बहुतेक लोक याला "हीटर गेला" म्हणतात. अहो, गेला कुठे? त्याने तर सगळं सांगितलं! मोटर ठीक आहे, पंप ठीक आहे, नॉझलमधून रॉकेल येतंय, ज्योत नाही हे ओळखून बंद करणारी सुरक्षाही ठीक आहे. राहिली फक्त ठिणगी. धुकंच येत नसतं तर गोष्ट वेगळी. मग रॉकेल संपलंय का, त्यात पाणी आहे का, हवेची गाळणी तुंबलीय का, हे बघावं लागलं असतं. पण धुकं आहे आणि जाळ नाही, म्हणजे संशयित तीनच: प्लग, त्याच्या वायरी आणि ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी डबी. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी बघायचा तो प्लग.

(काही मॉडेल्समध्ये प्लगऐवजी तापून लाल होणारी कांडी असते. तुमच्याकडे काय आहे ते माहितीपुस्तिकेत बघा. ती पुस्तिका वाचायची असते, ड्रॉवरमध्ये तळाशी अंथरायची नसते!)

प्लग बदलायला काय लागतं ते सांगतो. आधी वायर भिंतीतून काढायची आणि हीटर पूर्ण थंड होऊ द्यायचा. यात तडजोड नाही. मग वरच्या अर्ध्या पत्र्याचे स्क्रू काढायचे. पंखा आड येत असेल तर तो मोटरच्या दांड्यावरून सोडवायचा. प्लगच्या दोन वायरी टोकाशी धरून ओढायच्या, मधे धरून हिसकायच्या नाहीत. पान्याने प्लग सैल करून काढायचा. काढलेला प्लग उजेडात धरला की आजार डोळ्यांना दिसतो: दोन टोकांमध्ये काजळीचा थर, नाहीतर झिजलेली टोकं, नाहीतर चिनी मातीला गेलेला तडा. नवा प्लग लावण्याआधी टोकांमधली फट मोजायची. इथेच गाडीचे जाणकार फसतात. गाडीच्या प्लगची फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. या हीटरच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ती साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास असते. तुमच्या हीटरचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, तोच प्रमाण. प्लग आधी हाताने बसवायचा, मग पान्याने बेताने आवळायचा. वायरी जोडायच्या. पंखा बसवताना त्याचा छोटा स्क्रू दांड्याच्या चपट्या बाजूवर येतोय ना ते बघायचं, नाहीतर पंखा सरकतो. पत्रा लावायच्या आधी त्या प्रकाशाच्या सेलची काच मऊ फडक्याने पुसून घ्यायची. काम संपलं. पहिल्यांदा करणाऱ्याला तासभर लागेल, दुसऱ्यांदा अर्धा तास.

प्लगची किंमत दहा-पंधरा डॉलर. नवा हीटर दोनशेच्या वर. आणि मंडळी म्हणतात, फेकून दे!

त्यांचे मुद्दे मी टाळत नाही, एकेक घेतो.

पहिला मुद्दा: "माझ्या वेळेची किंमत आहे." आहेच. पण नवा हीटर घरी उडत येत नाही. दुकानात जायचं, रांगेत उभं राहायचं, खोका घरी आणायचा, फोडायचा, थर्मोकोल आवरायचं, चाकं आणि दांडा जोडायचा, आणि जुना कुठे टाकायचा याची चौकशी करायची. यात तास जात नाही? जातो. फरक एवढाच की तो तास खरेदीत गेला म्हणून आपण तो मोजत नाही. दुरुस्तीचा तास मात्र पगाराच्या दराने मोजायचा. हा कुठला हिशेब?

दुसरा मुद्दा: "रॉकेल आणि वीज एकत्र, त्यात हात घालायचा?" हा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला मान द्यायला हवा. ठिणगीचं व्होल्टेज हजारोंत असतं, म्हणूनच वायर आधी काढायची. हीटर चालू असताना "ठिणगी येते का बघू" म्हणून कुणी बोट नेऊ नये. तो प्रकाशाचा सेल त्रास देतोय म्हणून त्याला चकवून हीटर चालवणं हा तर शुद्ध आत्मघात. टाकीत पेट्रोल कधीही घालू नये. आणि एक गोष्ट हीटर नवाकोरा असला तरी खरी आहे: हा हीटर जळालेला वायू धुराड्यातून बाहेर सोडत नाही, समोरच सोडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला वास नाही. म्हणून दार थोडं उघडं हवं, आणि झोपायच्या खोलीत तर हा प्रकार कधीच नको. आता मला सांगा, या सगळ्या गोष्टी कुणाला जास्त कळतील? ज्याने एकदा तरी पत्रा उघडून आत पाहिलंय त्याला, की ज्याच्यासाठी हीटर म्हणजे बटण असलेला एक खोका आहे त्याला? आतलं माहीत नसणं म्हणजे सुरक्षितता नव्हे.

तिसरा मुद्दा कुणी तोंडाने बोलत नाही, पण असतो. "शिकलेल्या माणसाने हाताला ग्रीस लावायचं?" आपल्यात हे फार खोल रुजलंय. हाताने काम करणारा खालच्या पायरीवर आणि त्याला पैसे देणारा वरच्या, ही आपली जुनी जातीची सवय, आणि ती विमानात बसून आपल्याबरोबर इथेही आली. मेकॅनिकलची पदवी घेतलेले आणि घरात एक धड पाना नसलेले किमान सहा जण मला माहीत आहेत (नावं घेत नाही, ते वाचतायत :-)). याच मराठी समाजात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण मुलाने गॅरेजमध्ये पाना हातात घेतला की आपणच म्हणतो, "ठेव तो खाली, हात खराब होतील, अभ्यास कर."

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

सध्या दुरुस्तीच्या हक्काची चर्चा जोरात आहे, आणि ती योग्यच आहे. वस्तू मुद्दाम कमी टिकवायची ही युक्ती नवी नाही. १९२४ साली दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा कट करून बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणलं होतं. अमेरिकेत १९७५ चा वॉरंटीचा कायदा आहे, तरी "हे स्टिकर काढलंत तर वॉरंटी रद्द" अशी धमकी छापली जायचीच. शेवटी २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना पत्रं पाठवून याबद्दल ताकीद दिली. न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. आमच्या मिनेसोटाचा त्याहून व्यापक कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै २०२४ पासून लागू आहे. भारत सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. छान! मी या सगळ्याच्या बाजूने आहे.

पण मला प्रश्न पडतो तो हा. फोन चिकटवलेला असतो, ट्रॅक्टरला सॉफ्टवेअरचं कुलूप असतं, तिथे आपण हतबल आहोत हे मान्य. या हीटरला कसलं कुलूप आहे? साधे स्क्रू आहेत. पुस्तिकेत प्रत्येक भागाचं चित्र आणि क्रमांक आहे. सुटा प्लग विकत मिळतो. हीटर बनवणारी एक मोठी कंपनी, डेसा, २००८ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, तरी तिच्या हीटरला बसणारे भाग नंतरही बाजारात मिळत राहिले. म्हणजे इथे हक्क आपल्याकडे आधीपासूनच आहे. कायद्याची गरज नाही, कोर्टाची नाही. तरी आपण फेकतो. मग उद्या कायद्याने फोन उघडायची मुभा दिली तरी उघडणार कोण?

हक्क कागदावर येतो, पण तो वापरायची सवय हातात असावी लागते. आणि ती सवय उघडता येणाऱ्या वस्तूंवरच लागते. स्टोची पिन मारणारे, वायसर बदलणारे, सायकलचं पंक्चर काढणारे हात आपल्या घरांत होते. आई-आजी रोज स्टो उघडायच्या, कुणी त्यांना तंत्रज्ञ म्हटलं नाही. ते हात आपल्याच पिढीत थांबले, तर पुढच्या पिढीला दुरुस्तीचा हक्क म्हणजे काय हेच समजणार नाही. मग कंपन्यांना वस्तू चिकटवून बंद करायचीही गरज उरणार नाही. उघडी ठेवली तरी आपण आत बघणार नाही, हे त्यांना कळलेलं असेल. कदाचित कळलंच आहे.

आणि टाकलेल्याचं काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला नोंद ठेवून रीतसर गोळा आणि पुनर्वापर झालेला भाग होता २२.३ टक्के. अंगठ्याएवढा चिनी मातीचा प्लग काजळला म्हणून तांब्याच्या तारांची चांगली मोटर, पंप, पंखा आणि पत्रा या ढिगावर टाकायचा. याला काटकसर तर नाहीच, पण व्यवहार तरी कसा म्हणायचं?

प्रत्येक वस्तू दुरुस्त होते असं माझं म्हणणं नाही. टाकी गंजून गळत असेल तर तो हीटर बिनदिक्कत बाद करा. आतला ज्वलनकक्ष जळून फाटला असेल तरी तेच. पण आधी बघा तरी! निदान न करता मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही जाल का?

असो. भांडण बरंच लांबलं. मावसभावाला एवढंच सांगतो की बाबा रे, तुझा मिक्सर परवा "गेला" म्हणालास ना, तो अजून टाकला नसशील तर वायर काढून खालचं झाकण उघड. बहुतेक मिक्सरमध्ये मोटरचे कार्बन ब्रश झिजतात आणि ते गल्लीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. उघडल्यावर काय दिसलं ते फोनवर सांग. आणि शेजारी मुलीला बसव.