बंद गल्ल्या आणि अटळतेचा युक्तिवाद

शहर वाढले की त्याच्या कडा विस्कटणार आणि नव्या वस्त्यांतील रस्ते तुटक राहणार, हा वाढीचा स्वभावच आहे, असा पूर्वपक्ष नगररचनेच्या चर्चेत नेहमी मांडला जातो. शहराचा विस्तार थोपवता येत नाही, एवढे त्यात खरे आहे. परंतु विस्तार आणि विस्कळीतपणा यांची त्यात गल्लत होते. रस्त्यांची संलग्नता, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास किती पर्यायी वाटा आहेत हे, चौकांत किती रस्ते मिळतात आणि किती रस्ते मध्येच खुंटतात यावरून मोजतात. रस्ता सरळ असण्याशी तिचा संबंध नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील वाकडे बोळ एकमेकांत निघतात, तर उपनगरी गृहसंकुलाचा आखीव रस्ता कुंपणभिंतीशी संपतो आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे जाण्यासाठीही मुख्य रस्त्याचा वळसा घ्यावा लागतो.

अटळतेचा दावा अमेरिकेच्या उदाहरणाने कोसळतो. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०१५ मध्ये तेथील शतकभरातील रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार नव्या रस्त्यांतील तुटकपणा १९९०च्या दशकाच्या मध्यास शिगेला पोहोचला आणि नंतर कमी होऊ लागला. शहरे वाढतच होती. बदलली ती रस्ते आखण्याची रीत.

रीतीचा हा फरक आपल्याकडेही दिसतो. अहमदाबाद आणि पुणे यांना मुंबई इलाख्याच्या १९१५च्या नगररचना कायद्याचा समान वारसा आहे. नगररचना योजनेत अनेकांच्या जमिनी एकत्र विचारात घेऊन प्रत्येकीचा काही भाग रस्त्यांसाठी काढतात आणि उरलेली जमीन नव्या आकाराच्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत देतात, त्यामुळे इमारतींआधी गल्ल्यांचे जाळे ठरते. अहमदाबादने ही पद्धत नेटाने चालवली. महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना अधिनियमातही ती आहे, पण येथे भर राहिला विकास आराखड्यावर. त्यात मोठे रस्ते रेखाटले जातात, भूसंपादन रखडले की ते कागदावरच राहतात, आणि मधल्या गल्ल्या ज्या त्या जमीनमालकाच्या रेखांकनावर सोडल्या जातात. पुण्याच्या कडेच्या हिंजवडी आणि वाघोली येथील वाहतूक कोंडी केवळ वाहनसंख्येची नाही, तर सगळी वाहने मोजक्याच रस्त्यांवर लोटणाऱ्या या रचनेचीही आहे, आणि तिच्यावर उड्डाणपूल हा उतारा समजणे म्हणजे निदानच चुकणे होय.

बंद गल्ली शांत व सुरक्षित असते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तथापि ती शांतता शेजारच्या हमरस्त्यावर भार टाकून मिळालेली असते. शिवाय खांब रोवून मोटारी अडवता येतात आणि पायी व सायकलने जाणाऱ्यांना वाट मोकळी ठेवता येते, त्यासाठी भिंतच हवी असे नाही.

घरे उठल्यावर गल्ली काढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांत जेथे अद्याप शेतजमीन आहे, तेथे रेखांकनाच्या मंजुरीवेळीच शेजारच्या जमिनींना जोडणाऱ्या सार्वजनिक वाटांची अट घातली पाहिजे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये नव्या वसाहतींचे रस्ते सरकारी देखभालीखाली घेण्यासाठी अशीच संलग्नतेची अट लावली होती.